मोरीचं पाणी कुठं जातं

(झाशी. रेल्वेच्या जुन्या कॉलनीचं शेवटचं टोक. पाडायला काढलेल्या क्वार्टरांच्या मागे, एका कोरड्या हौदाच्या कठड्याशी दोघी बहिणी. इंदिरा साठीची, लग्नानंतर झाशीतच राहिलेली. विद्या तिच्याहून दहा वर्षांनी धाकटी, नाशिकहून आलेली.)

विद्या : हे? हे दाखवायला तू मला रिक्षात घालून इथवर आणलंस?

इंदिरा : हेच. बैस ना. कठडा मजबूत आहे, बाबांच्या हातचा आहे.

विद्या : ताई, काल तुझ्या घरी लग्न झालंय. पाहुणे अजून अंथरुणात आहेत, आणि आपण दोघींनी नालीकाठी येऊन बसायचं?

इंदिरा : पाहुण्यांना बहू बघेल. जरा सबर कर. हे सगळं पाडणार आहेत आता. क्वार्टर, भिंत, हौद, काहीच राहणार नाही. म्हटलं, विद्या आलीच आहे तर बघून जाऊ दे. पुन्हा कधी येणार तू? माझ्या तेराव्याला?

विद्या : काहीतरीच बोलू नकोस.

इंदिरा : मग बैस.

विद्या : बसले. हाच ना तो? मामा म्हणायचा तो हौद?

इंदिरा : काय म्हणायचा मामा?

विद्या : मी रडायला लागले की म्हणायचा, तुझी आई झाशीला मोरीचं पाणी धुतेय, धुऊन झालं की येईल तुला न्यायला. सगळे हसायचे. आजीसुद्धा. मोठी झाल्यावर कळलं, आई खरंच इथे कसलासा हौद बांधून घेत होती. आणि तोवर मी भुसावळला आजीला आई म्हणायला शिकले होते.

इंदिरा : मामाने थट्टा केली असेल, पण बोलला ते खरं होतं.

विद्या : आता राग नाही राहिला गं. आई गेली तेव्हा मी उशाशी होते, तोंडात पाणी मीच घातलं. पण कोडं राहिलंच. दीड वर्षाचं पोर कोण पाठवतं? बरं, पाठवलं. नंतर तीन वर्षं आणायचंच नाही? माझ्या मुली झाल्या तेव्हा तर मला फारच वाटायचं. त्यांना शेजारी तासभर सोडायचं तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

इंदिरा : पाठवलं ते भीतीनं. आणलं नाही त्याचं कारण वेगळं आहे. चंपा आठवते तुला?

विद्या : नाव आठवतं. आपल्याकडे भांडी घासायची ना?

इंदिरा : आपल्याकडे, गार्डसाहेबांकडे, अजून दोन-चार घरी. खालच्या बस्तीत राहायची. ती बघ, तिकडे, जिथे आता पाण्याची टाकी आहे ना, तिच्या पायथ्याशी. तिचा नवरा इंजिनांच्या शेडमध्ये कोळसा भरायचा. ठेकेदाराचा माणूस, रेल्वेचा नव्हे. आणि तिची मुलगी, रामकली. तुझ्याएवढीच. आई तुम्हां दोघींना पडवीत एकाच दुपट्यावर सोडायची आणि चंपा तिकडे मोरीत बसून भांडी घासायची. तू रामकलीचे केस ओढायचीस. ती रडायची नाही, टकमका बघायची नुसती. मी शाळेतून आले की दोघींना पायावर घेऊन झुकझुक गाडी करायची. तुला घेतलं की तिला, तिला घेतलं की तुला. पाय भरून यायचे माझे.

विद्या : मला काहीच आठवत नाही.

इंदिरा : कसं आठवणार? आता इकडे बघ. आपली कॉलनी उंचावर. सगळ्या क्वार्टरांच्या मोऱ्या मागच्या नालीत. अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं, सगळं पाणी त्यात. संडासाच्या टोपल्या उचलून न्यायचे, पण धुतलेलं पाणी नालीतच. नाली उतारानं खाली. आणि खाली काय होतं, माहीत आहे?

विद्या : बस्ती.

इंदिरा : बस्तीची विहीर. आम्हाला नळ होता गं. आमचं पाणी मोरीच्या भोकातून गेलं की संपलं, ते कुठं जातं हा विचार कुणाच्या डोक्यात यायचा? आईच्याही नव्हता आला. खोटं कशाला बोलू. चंपा स्वतःच्या हातानं आपली खरकटी भांडी विसळायची, ते पाणी मोरीत सोडायची आणि घरी जाऊन तेच प्यायची. तिलाही कळलं नव्हतं.

विद्या : आणि मग साथ आली.

इंदिरा : उन्हाळा होता. झाशीचा उन्हाळा तुला काय सांगू, काल बघितलास ना, मांडवात सगळे कसे अर्धमेले झाले होते? विहीर तळाला गेलेली. जे थोडं पाणी राहिलं त्यात नाली पाझरत होती. बस्तीत हगवण सुरू झाली. आधी म्हातारी माणसं, मग पोरं. आई घाबरली. तू दिवसभर रामकलीबरोबर, तिचा एक घास तुला, तुझा एक तिला. मामा तेव्हा सुट्टीला आला होता. बाबांनी पास काढला आणि दुसऱ्या दिवशी तुला मामाच्या कडेवर देऊन पंजाब मेलमध्ये बसवलं.

विद्या : आई का नाही आली बरोबर?

इंदिरा : मी तापाने पडले होते. साधा ताप निघाला शेवटी, पण तेव्हा काय कळत होतं? मला सोडून कशी जाणार? गाडी सुटली तेव्हा ती कशी उभी होती ते बाबांनी सांगितलं मला, माझं लग्न ठरलं तेव्हा. तुझं अंगावरचं सुटलं नव्हतं अजून. तू डब्यात रडायला लागलीस आणि इकडे फलाटावर तिची चोळी भिजली. बाबांनी आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. भर उन्हाळ्यात.

विद्या : हे तिने कधी सांगितलं नाही.

इंदिरा : तिनं काय सांगितलं गं कधी?

विद्या : आणि रामकली?

इंदिरा : तू गेलीस आणि आठवड्याच्या आत ती गेली.

विद्या : अरेरे.

इंदिरा : चंपा कामाला यायची बंद झाली. आई दोनदा जाऊन आली, चंपानं दार उघडलं नाही. मग एके सकाळी आली. मी ओसरीवर बसले होते, अंगात अशक्तपणा होता अजून. केस मोकळे. हातात पितळेचा लोटा. उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाईजी, जे तुमाई मोरी को पानी है. देख लो." आईला वाटलं दुःखाने डोकं फिरलंय. म्हणाली, "चंपा, बैस, चहा घे." ती म्हणाली, "चाय नईं. देख लो." आई वाकली. मीही वाकले. पाणी गढूळ होतं, वर तेलकट तवंग. आणि त्यात भाताचं एक शीत होतं.

विद्या : भाताचं?

इंदिरा : बस्तीत भात कोण खायचं तेव्हा? ज्वारी, गहू, नाहीतर बेझड, जव-हरभऱ्याची मिसळ. रोज दुपारी भात लावणारी घरं सगळी इकडे वर, आपली मराठी माणसं. ते शीत आपल्याच कुणाच्या ताटातलं होतं. आई बघतच राहिली. चंपा रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाई बिन्नू तो रेल में बैठ गई. हम काए में बैठाते?" लोटा तिथेच ठेवून निघून गेली. तुमची मुलगी गाडीत बसून गेली, आम्ही आमचीला कशात बसवणार होतो? बुंदेली आहे. पण आईला बरोबर कळलं.

विद्या : कळलं मलाही.

इंदिरा : त्या दिवशी आईने काय केलं माहीत आहे? जुनं गोणपाट घेतलं आणि मोरीचं भोक बुजवलं. गच्च. संध्याकाळी बाबा शेडमधून आले, अंगभर काजळी. अंघोळीला बसले तर मोरी तुंबलेली, पाणी पायात. बाबा म्हणाले, "अगं, हे काय?" आई म्हणाली, "आपलं पाणी आता खाली जाणार नाही. बादलीत घ्या, मी टाकून येते." आणि खरंच, पाठीमागे रुळांपलीकडे जे रान होतं ना, तिथे नेऊन टाकायची. अंघोळीचं, धुण्याचं, खरकट्याचं. बादल्यांवर बादल्या. हातांना घट्टे पडले.

विद्या : आई? आपली आई? ती तर कधी कुणाला उलटून बोलत नसे.

इंदिरा : उलटून बोललीच नाही ती. बादल्या उचलल्या. सगळी कॉलनी हसली. गार्डसाहेबांच्या कुसुमावतीबाई तर हळदीकुंकवात म्हणाल्या, "यमुनाबाई, एका घरचं पाणी थांबवून काय विहिरीची गंगा होणारे का?" आई म्हणाली, "नाही होणार. म्हणून तर तुमच्याकडे आले." तबक खाली ठेवलं आणि सगळ्या बायकांसमोर शिताची गोष्ट सांगितली. पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही.

विद्या : बाबा काय म्हणाले?

इंदिरा : बाबांनी महिनाभर बघितलं. एकदा बादलीसकट पडली ती, रुळांच्या खडीवर. गुडघा फुटला. बाबांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "तुझं आयुष्य जाईल असं. पाणी अडवून भागायचं नाही, साफ करून सोडलं पाहिजे." मग ते छोट्या इंजिनिअर साहेबांकडे गेले. तमीळ होता, नवीन, भला माणूस. त्यानं कागदावर आखून दिलं. बघ, हा पहिला हौद. सगळ्या नालीचं पाणी आधी यात. यात ते नुसतं थांबायचं. जड घाण खाली बसायची, तेल-तूप वर तरंगायचं, आणि मधलं पाणी त्या भोकातून पुढे. पुढे ही खोली दिसते ना, जाळीच्या विटांची, ती सगळी क्लिंकरनं भरलेली.

विद्या : क्लिंकर म्हणजे?

इंदिरा : इंजिनाच्या भट्टीत कोळसा जळून जे दगडासारखं उरतं ते. भोकाभोकाचं, खरखरीत. आपण मराठीत खंगर म्हणू. शेडमध्ये ढीग पडलेले असायचे, कुणी विचारत नसे. साहेब म्हणाला, याच्यावरून पाणी थेंबथेंब सोडा, भोकांमधून हवा खेळेल, दगडांवर बुळबुळीत थर धरेल, तोच थर घाण खातो. बाबांना ते ऐकून इतका आनंद झाला! घरी येऊन म्हणाले, "यमुना, ज्या इंजिनाच्या पगारावर आपण जेवतो, त्याचीच राख आपलं खरकटं धुणार."

विद्या : बाबांचा आवाज अगदी तसाच काढतेस तू.

इंदिरा : आवडायचे ना मला. चल, पुढे ऐक. हौद कुठे बांधायचा, यावर महिना गेला. प्रत्येकाला हवा, पण दुसऱ्याच्या घरामागे. वास येईल, डास होतील. शेवटी आई म्हणाली, आमच्या मागे बांधा. म्हणून हा इथे. आपलं क्वार्टर शेवटचं होतं, उतारावर. आईची तुळस, चमेलीचा वेल, लिंबाचं झाड, सगळं गेलं त्यात.

विद्या : आणि बांधला कुणी? रेल्वेनं?

इंदिरा : विटा-सिमेंट साहेबानं मिळवून दिलं. हात आपले. रविवारचे दिवस काय असायचे गं ते! सकाळपासून शेडमधले लोक यायचे. मारुती फिटर, विठोबा, गोपाळराव खलाशी, एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होता तोही, तोंडात पाइप आणि डोक्यावर क्लिंकरची टोपली. लोखंडी पिपं अर्धी कापून त्यात क्लिंकर धुवायचे. आई पोह्यांचं पातेलं घेऊन बसायची. शंटिंगचं इंजिन इथून गेलं की ड्रायव्हर शिटी द्यायचा, दोनदा, हे लोक काम थांबवून हात करायचे. मी सगळ्यांना पाणी द्यायची. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. दर रविवारी गणपतीच असल्यासारखं वाटायचं.

विद्या : तुझं बरं होतं.

इंदिरा : माझं बरं होतं. तुझी आठवण यायची तेव्हा नसायचं.

विद्या : बांधून झालं तेव्हा तरी आणायचं ना मला.

इंदिरा : बांधून झालं आणि पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाला काय निघावं? काळं! पहिल्यापेक्षा काळं. आणि असा भपकारा की आपण दारंखिडक्या लावून जेवायचो. साहेब म्हणाला, धीर धरा, थर बसायला वेळ लागतो. धीर धरला, तर क्लिंकर तुंबलं. बाबांनी वरचा थर उकरला. आत राख. भांडी राखेनं घासायचो ना आपण सगळे? ती राख आणि भाताची पेज मिळून लगदा झाला होता. पुन्हा सगळं उपसा, धुवा, भरा. माणसं कमी झाली. विठोबा आणि बाबा दोघेच उरले एका रविवारी.

विद्या : आणि आई?

इंदिरा : आई घरोघर गेली. ज्या घरांनी बोलावणं बंद केलं होतं त्यांच्याकडेही. "राख मोरीत टाकू नका, वेगळ्या डब्यात ठेवा. पेज गुरांना द्या. तेल फडक्यानं पुसून मग भांडं विसळा." मागून तिला मोरीवाली म्हणायचे. मला शाळेत म्हणायचे, मोरीवालीची पोरगी. मी घरी येऊन रडले. आईनं जवळ घेतलं नाही. म्हणाली, "इंदू, रामकलीला काय म्हणतात, ते मला सांग."

विद्या : कठोर होती.

इंदिरा : तेव्हा झाली होती. बाबा दर दोन महिन्यांनी पास पुढे करायचे. "साथ गेली, यमुना. विद्येला आणू या. पोर विसरेल तुला." आई म्हणायची, "चंपाच्या विहिरीचं पाणी साफ झाल्याशिवाय नाही." पहिल्यांदा बाबा चिडले. दुसऱ्यांदा जेवले नाहीत. मग बोलायचेच नाहीत, पास काढायचे आणि तारीख गेली की फाडायचे.

विद्या : म्हणजे नवस बोलली ती. माझ्यावर.

इंदिरा : नवस नव्हे गं.

विद्या : नवसच! देवळात लोक नारळ ठेवतात, तसं तिनं मला ठेवलं. शिक्षा तिनं स्वतःला केली, भोगली मी. मी काय केलं होतं, ताई? शेजारच्या गल्लीत एखादी बाई पोराला हाक मारायची तर मी धावत जायची, मला हाक मारतेय म्हणून. आजी सांगायची हे लोकांना, कौतुकानं.

इंदिरा : रड. रडून घे.

विद्या : मी रडत नाही.

इंदिरा : बरं.

विद्या : तू नाही विचारलंस तिला कधी?

इंदिरा : विचारलं. माझा मोठा झाला तेव्हा. बाळंतपणाला आली होती ती माझ्याकडे, ओरछा गेटच्या घरी. बाळाला तेल लावत होती. मी म्हटलं, आई, विद्याला एवढं दूर ठेवलंस, ती चूक नव्हती? तेल लावता लावता म्हणाली, "चूक असेल. विद्येच्या बाजूनं चूकच." मग बाळाला पालथं घालून पाठ चोळायला लागली. मला वाटलं झालं. तर म्हणाली, "पण तिला कडेवर घेऊन चंपाच्या दारावरून मी कशी गेले असते गं? रोज त्या वाटेनंच बाजारात जायचं होतं."

विद्या : मला का नाही म्हणाली हे?

इंदिरा : मी म्हटलं तिला, विद्याला सांग एकदा. म्हणाली, "सांगितलं की तिला मला माफ करावं लागेल. तिच्यावर ती सक्ती कशाला?" घे, पाणी पी. बाटली आहे पिशवीत.

विद्या : नको. पुढे काय झालं? हौदाचं?

इंदिरा : चालला! अगं, एका हिवाळ्यात चालला. बाबा सकाळी उठून दात घासत इथे उभे राहायचे. एक दिवस ओरडले, "इंदू, इकडे ये, बेडूक!" या बाजूच्या चरात दोन बेडूक बसले होते. बाबा म्हणाले, बेडूक घाणीत राहत नाही. पाणी काचेसारखं नव्हतं, पिण्याजोगं तर मुळीच नव्हतं, पण स्वच्छ होतं. वास मातीचा. बाबांनी चर वळवून विहिरीपासून लांब नेला, बस्तीच्या माळरानाकडे. मग विहीर उपसली, गाळ काढला, पांढरी पावडर टाकली. त्या दिवशी कुसुमावतीबाई स्वतः राखेचा डबा घेऊन आल्या, बाबांना दाखवायला. बघा हो, आमच्याकडून चिमूटभर राख मोरीत जात नाही!

विद्या : मग तेव्हा तरी?

इंदिरा : तेव्हाही नाही. आई चंपाला विचारायला गेली. चंपा बोलली नाही. कामालाही परत आली नव्हती ती आपल्याकडे. आई म्हणाली, उन्हाळा जाऊ दे. विहीर तळाला जाईल तेव्हा कळेल खरं काय ते. उन्हाळा गेला, बस्तीत कुणी आजारी पडलं नाही. तरी आई थांबली. बाबा म्हणाले, आता कशाची वाट बघतेस? म्हणाली, मलाही माहीत नाही.

विद्या : आणि?

इंदिरा : चंपानं त्या चराच्या पाण्यावर माळरानात झेंडू लावला होता. आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. दसऱ्याच्या आधी टोपली भरून फुलं घेऊन आली. दाराशी नाही, आत आली, पडवीत, जिथे तुम्ही दोघी खेळायचात तिथे बसली. टोपली पुढे ठेवली. म्हणाली, "तुमाई मोरी के फूल हैं, बाईजी." गार्डसाहेबांच्या सासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मोरीच्या पाण्याची फुलं देवाला चालत नाहीत. आई उठली आणि सगळी टोपली देवघरात रिकामी केली. देव दिसेनात एवढी फुलं. मग दोघी पडवीत शेजारी शेजारी बसल्या. रडल्या असतील, मला आईनं बाहेर पाठवलं होतं. मी परत आले तेव्हा चंपा उठत होती. जाता जाता म्हणाली, "अब बुला लो बिन्नू को."

विद्या : चंपा म्हणाली?

इंदिरा : चंपा म्हणाली. त्याच संध्याकाळी बाबा तार करायला गेले. पायात चपला नव्हत्या, इतकी घाई.

विद्या : आहे का ती?

इंदिरा : नाही गं. जाऊन बरीच वर्षं झाली. पण झेंडूवर तिनं घर उभं केलं. पुढे दोन मुलं झाली तिला, दोघं चांगली निघाली. माझं लग्न इथे झालं, तेव्हा मांडवाला फुलं तिचीच. तू आलीस आणि काही महिन्यांतच बाबांची भुसावळला बदली झाली होती, आपण सगळे गेलो, मग मी इथे सून म्हणून परत आले, तर दर सणाला दारात टोपली. पैसे काढले की रागवायची. हौद मात्र कोळशाची इंजिनं होती तोवरच नीट चालला. डिझेल आलं, क्लिंकर मिळेना. मग मोठी पाइपलाइन टाकली, नाली बंद झाली.

विद्या : ताई, मला एक आठवतं.

इंदिरा : काय?

विद्या : झाशीचं माझ्याकडे एवढं एकच आहे. कुणाला सांगितलं नाही कधी. फलाट आहे, खूप वाफ आहे. मामाने मला खाली उतरवलं. आणि एका बाईनं मला असं घट्ट उचलून घेतलं की श्वास कोंडला. तिच्या अंगाला झेंडूचा वास होता. ती रडत होती आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, फिरवत होती. नंतर आईशी माझं कधी जमलं नाही, पण मी मनात म्हणायचे, निदान त्या दिवशी तरी आईनं मला तसं घेतलं होतं. तेवढ्यावर मी खूप वर्षं काढली.

इंदिरा : विद्या...

विद्या : काय?

इंदिरा : ती चंपा होती.

विद्या : नाही.

इंदिरा : मी होते ना तिथे. आई चंपाला बरोबर घेऊन गेली होती स्टेशनवर. तू उतरलीस, आणि चंपा आमच्या सगळ्यांच्या पुढे धावली. रामकली तेवढीच झाली असती ना तेव्हा.

विद्या : आणि आई? आई कुठे होती?

इंदिरा : मागे उभी होती, तुझं गाठोडं छातीशी धरून. मी पदर ओढला तिचा. म्हटलं, आई, घे ना विद्याला, आपली आहे ना ती. तर म्हणाली, "राहू दे, इंदू. थोडा वेळ तिच्याकडेच राहू दे."